जलद हाताचें शिक्षण

भाताच्या लोंब्या आणि नागलीचीं कणसें भरूं लागलीं म्हणजे सह्याद्रीच्या डोंगराळ मुलुखांत शेताशेतांतून माळे उभे राहतात, आणि राखणीस बसलेल्या पोरांच्या हाळ्या या टेकडीवरून त्या टेकडीवर ऐकूं येतात. हातांत गोफण आणि पायांशीं गोट्यांचा ढीग, एवढीच काय ती त्यांची शस्त्रसामग्री. नाशिक जिल्ह्याच्या एका कोपऱ्यांत, गुजराथच्या सरहद्दीला भिडलेला सुरगाण्याचा मुलूख हा अशाच राखणदारांचा आहे. कोकणा, वारली, भिल्ल, महादेव कोळी अशा लोकांची ही वस्ती. एके काळीं येथें देशमुखांचें एक लहानसें संस्थान होतें. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें. इतिहासकारांनीं या संस्थानाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं, आणि आम्हीही आज त्याच्या सनदा व वंशावळी उकलण्यास बसलों नाहीं. आमचें लक्ष आहे तें त्या माळ्यावरच्या पोराच्या हाताकडे.

गोफणीची करामत दिसते तशी केवळ बळाची नाहीं. दोरीचें एक टोंक बोटांत अडकविलेलें, दुसरें चिमटींत धरलेलें, आणि मधल्या खोबणींत गोटा. डोक्याभोंवतीं दोन गरके द्यावयाचे आणि चिमटींतलें टोंक सोडावयाचें. तें क्षणभर आधीं सुटलें तर गोटा आभाळांत, क्षणभर मागाहून सुटलें तर शेजाऱ्याच्या शेतांत. दंडांत बळ पुष्कळांच्या असतें. सोडण्याचा क्षण ज्याला साधतो त्यालाच पांखरें भितात. क्रिकेटमधील जलद गोलंदाजाची अडचण नेमकी हीच आहे. ज्याच्या हातांत उपजत वेग आहे असा मुलगा सांपडणें हें नशिबाचें काम. परंतु त्या वेगाला सोडण्याचा क्षण शिकविणें हें माणसांचें काम आहे, आणि तें आमच्या देशांत फार उशिरां सुरू झालें.

याच जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यांतील सावरपाड्याची कविता राऊत २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांत दहा हजार मीटरांची शर्यत धांवून कांस्यपदक घेऊन आली, आणि त्याच वर्षीं आशियाई खेळांतून रौप्यपदकही. डोंगरांतल्या पायांना जगाची वाट सांपडली ती अशी. डोंगरांतल्या हातांना ती सांपडल्याचें मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं. कारण उघड आहे. धांवणाऱ्यास पाय, रस्ता आणि एक जाणता गुरु एवढें लाभलें कीं आरंभ करतां येतो. चेंडू टाकणाऱ्यास कातडी चेंडू पाहिजे, बावीस यार्डांची चोपून केलेली खेळपट्टी पाहिजे, समोर बॅट घेऊन उभा राहणारा पाहिजे, आणि सर्वांत दुर्मिळ म्हणजे त्याचें चार-पांच वर्षांचें अपयश पोसणारा कोणी तरी पाहिजे.

शिवाय गोफणीच्या आणि दगडाच्या हाताला क्रिकेटच्या कायद्याचीही अडचण आहे. दगड मारतांना कोपर वांकतें आणि झटक्यानें सरळ होतें. क्रिकेटमध्यें तें पंधरा अंशांहून अधिक सरळ करण्यास मज्जाव आहे. अमेरिकेच्या बेसबॉल या खेळांत मात्र चेंडू दगडासारखाच फेंकावयाचा असतो. म्हणूनच २००८ सालीं कांहीं व्यवहारचतुर अमेरिकनांनीं आपल्या देशांत येऊन सर्वांत जलद फेंकणाऱ्या तरुणांची स्पर्धा भरविली. तींतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशांतील दोन भालाफेंके निवडले गेले, आणि पिट्सबर्ग पायरेट्स या संघानें त्यांस त्याच वर्षीं करारानें बांधून घेतलें. त्या कथेवर पुढें चित्रपटही निघाला. चित्रपट जेथें संपतो तेथून पुढचा भाग तितका रंगीत नाहीं. दोघांपैकीं कोणीही त्या खेळाच्या सर्वोच्च श्रेणीपर्यंत पोंचला नाहीं. रिंकूनें खालच्या श्रेणींत कांहीं वर्षें चिकाटीनें काढलीं, आणि मग कोपरानें दगा दिला.

त्यांत त्यांच्याच नशिबाला बोल लावण्याचें कारण नाहीं. बेसबॉल ज्यांच्या घरचा खेळ त्यांचीही हीच कहाणी आहे. मुख्यतः बाल्टिमोर संघाच्या पदरीं असलेला स्टीव्ह डाल्कोव्स्की १९५७ पासून १९६५ पर्यंत खालच्या श्रेणींत खेळला. त्याच्याइतका जलद चेंडू आपण जन्मांत पाहिला नाहीं असें सांगणारे खेळाडू आणि पंच पुष्कळ होते. परंतु तो चेंडू कोठें जाईल हें टाकणाऱ्यालाही ठाऊक नसे. जितके फलंदाज त्यानें बाद केले, जवळजवळ तितकेच त्यानें स्वैर चेंडूंनीं फुकटांत पहिल्या तळावर पोंचविले. १९६३ सालीं वरच्या संघांत जागा मिळण्याचा योग आला आणि नेमकें तेव्हांच कोपर दुखावलें. याच्या उलट डॉजर्स संघाचा सँडी कोफॅक्स. तोही १९५५ पासून सहा वर्षें असाच चांचपडत होता. १९६१ च्या आरंभीं त्याचा चेंडू झेलणारा सोबती नॉर्म शेरी यानें त्यास एवढेंच सांगितलें कीं, बाबा, जोर थोडा कमी लाव. त्यानें तो कमी लावला, आणि पुढचीं सहा वर्षें त्याच्या हाताला तोड उरली नाहीं. दोघांच्या दंडांत फरक असेल तर तो थोडा. भाग्यांत फरक पडला तो योग्य वेळीं भेटलेल्या एका माणसाचा.

आतां आपल्या घरीं येऊं. आमच्या देशाच्या कसोटी क्रिकेटचा जन्म झाला तोच मुळीं जलद गोलंदाजांच्या खांद्यावर, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणांत नसते. २५ जून १९३२ रोजीं लॉर्ड्सच्या मैदानावर सी. के. नायडू यांचा संघ उतरला, आणि महंमद निसार व अमरसिंग यांच्या आरंभींच्या माऱ्यापुढें इंग्लंडचे तीन गडी अवघ्या १९ धांवांत तंबूंत परतले. निसारनें त्या डावांत पांच बळी घेतले. यानंतर खरें तर एक परंपरा उभी राहावयास हवी होती. परंतु अमरसिंग १९४० सालीं अकालीं वारला, फाळणीनंतर निसार पाकिस्तानांत राहिला, आणि त्या दोघांच्या मागें त्यांनीं शिकविलेला असा एकही हात उरला नाहीं. हात घडविण्याची शाळा नव्हती. देवानें दिले तेवढे हात आम्हीं वापरले आणि ते थकले म्हणजे आभाळाकडे पाहत बसलों.

ही वापरण्याची रीत कशी होती हें रमाकांत देसाई याच्या चरित्रावरून दिसतें. मुंबईचा हा मुलगा उंचीनें इतका लहान कीं त्यास ‘टायनी’ हेंच नांव पडलें. परंतु त्याचा चेंडू असा उसळे कीं धिप्पाड फलंदाजांनीं मागें सरावें. १९५८-५९ च्या हंगामांत मुंबईकडून रणजी सामन्यांत त्यानें पन्नास बळी घेतले आणि त्याच हंगामांत दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध त्याची कसोटीसाठीं निवड झाली. वय एकोणीस. समोरच्या संघानें आठ बाद ६४४ धांवा केल्या, आणि या कोंवळ्या पोराकडून त्या एका डावांत ४९ षटकें टाकून घेण्यांत आलीं! त्यानें १६९ धांवांत चार बळी घेतले. वर्तमानपत्रांनीं कौतुक केलें, आणि तें योग्यच होतें. परंतु एकोणीस वर्षांच्या पाठीच्या मणक्यांवर एवढें ओझें घालणारांस कोणीं जाब विचारला नाहीं. जलद गोलंदाज पुढचा पाय टेंकतो तेव्हां स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट भार त्या पायावरून कमरेंत चढतो. घोड्याच्या शर्यतीचे शोकीन लोकसुद्धां दोन वर्षांच्या शिंगराला रोज पळवीत नाहींत. देसाईनें मात्र तक्रार न करितां तो भार वाहिला. १९६०-६१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेंत त्यानें एकवीस बळी घेतले. १९६८ सालीं न्यूझीलंडांत डनेडिन येथें फलंदाजी करीत असतां चेंडूनें त्याचा जबडा मोडला, तरीही तो खेळत राहिला. परंतु त्याच दौऱ्याबरोबर त्याची कसोटी कारकीर्द संपली. तेव्हां त्याचें वय अठ्ठावीस होतें, आणि खात्यावर २८ कसोट्यांत ७४ बळी. जलद गोलंदाज ज्या वयांत शहाणा होऊं लागतो त्या वयांत आम्हीं त्याला निरोप दिला.

त्याच्या आगेंमागेंच आमचा दुष्काळ किती पराकोटीस गेला होता याची साक्ष १९६७ च्या बर्मिंगहॅम कसोटींत मिळते. त्या सामन्यांत नव्या चेंडूनें गोलंदाजीस आरंभ करणारांत बुधी कुंदरन होता, आणि कुंदरनचा धंदा यष्टिरक्षणाचा! बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन हे चौघे फिरकी गोलंदाज हातीं चेंडू येण्याची वाट पाहत उभे. नवा चेंडू लवकर जुना व्हावा म्हणून तो टाकावयाचा, असा तो काळ. त्या फिरकीनें आम्हांस १९७१ चे विजय मिळवून दिले, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु त्या यशाच्या सांवलींत जलद हाताचें रोप उगवणें कठीण झालें हेंही तितकेंच खरें. मुंबईच्या एका शिबिरांत जेवण अपुरें पडतें अशी तक्रार हरियाणाच्या एका मुलानें केली, आपण जलद गोलंदाज असल्याचें कारण दिलें, आणि त्याला उत्तर मिळालें कीं हिंदुस्थानांत जलद गोलंदाज असतच नाहींत. ही गोष्ट कपिल देव स्वतः सांगत असतात. १९७८ पासून त्यांनीं त्या उत्तराचें जें प्रत्युत्तर दिलें तें ४३४ बळींचें होतें. पण तेही देवाच्या देणगीचेंच उदाहरण. कोणीं घडविल्याचें नव्हे.

घडविण्याचें काम सुरू झालें तें १९८७ सालीं, मद्रास येथें. टायर करणाऱ्या एमआरएफ या कंपनीनें तेथें जलद गोलंदाजांची एक पाठशाळा काढली आणि शिकविण्यास ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिली यास बोलाविलें. ही निवड फार मार्मिक होती. लिलीचा वेग सर्वांस ठाऊक होता. परंतु गुरु म्हणून त्याची खरी पात्रता त्याच्या मोडलेल्या पाठींत होती. १९७३ सालीं वेस्ट इंडीजच्या दौऱ्यांत त्याच्या पाठीच्या मणक्यांस तडे गेल्याचें निष्पन्न झालें होतें. आतां हा पुन्हां खेळणार नाहीं असें लोक म्हणूं लागले. त्यानें शरीरशास्त्र जाणणाऱ्या तज्ज्ञांच्या हातीं स्वतःस सोंपविलें, अंगाला नवी ताकद आणि चेंडू टाकण्याला नवें वळण दिलें, आणि १९७४-७५ मध्यें पुन्हां उभा राहिला; निवृत्त झाला तेव्हां ३५५ बळींचा त्या काळचा उच्चांक त्याच्या नांवावर होता. मोडून पुन्हां जुळलेला माणूसच दुसऱ्यास न मोडतां कसें वाढावें हें शिकवूं शकतो. त्याच्या हाताखालीं टी. ए. शेखर काम पाहत. ते स्वतः भारताकडून दोनच कसोट्या खेळलेले; परंतु मुलांचे हात पारखण्यांत त्यांची नजर पक्की होती. श्रीनाथ आणि वेंकटेश प्रसाद या पाठशाळेंतून गेले, आणि १९९६ नंतर कधीं तरी नगर जिल्ह्यांतील श्रीरामपूरचा एक डावखुरा मुलगाही तेथें दाखल झाला.

सुरगाण्याहून डोंगर उतरून नाशिकास आलें म्हणजे श्रीरामपूर कांहीं फार दूर नाहीं. जिल्हा बदलतो, नागलीच्या जागीं ऊस येतो, एवढेंच. तेथें ७ ऑक्टोबर १९७८ रोजीं झहीर खान जन्मला. वडिलांचा धंदा छायाचित्रांचा, आई शिक्षिका; मुलाचें प्राथमिक शिक्षण मराठी शाळेंत. पुढें त्यानें अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाची वाट धरली होती. आपल्या मध्यमवर्गीय घरांत येथें कथा संपावयाची. परंतु देशांत इंजिनियर पुष्कळ आहेत, तूं गोलंदाज हो, असें वडिलांनींच सांगितलें अशी हकीकत सांगितली जाते, आणि ती सांगतांना सांगणाराच्या डोळ्यांत किंचित् अविश्वास असतो. आमच्या मतें या साऱ्या इतिहासांत जितकें धाडस मैदानावर झालें तितकेंच तें श्रीरामपूरच्या त्या घरांत झालें. सतरा वर्षांचा मुलगा मुंबईस आला. तेथें माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबांत त्यास आसरा मिळाला. नाईक यांनीं त्याला खेळविलें, शिस्त लावली, आणि वेळ दिला. वेळ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतों. कारण अशा मुलांस उपदेश देणारे शेंकडों भेटतात.

तेथून मद्रास, आणि १९९९-२००० च्या हंगामापासून बडोद्याचा रणजी संघ. त्या बडोद्यानें २०००-०१ सालीं रेल्वेचा पराभव करून रणजी करंडक जिंकला, त्यांत झहीरचा वांटा मोठा होता. तत्पूर्वीं ऑक्टोबर २००० मध्यें नैरोबीस तो भारतीय संघांत आला आणि ऐन आपल्या बाविसाव्या वाढदिवशीं ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह वॉची यष्टि त्यानें पायाशीं टाकलेल्या चेंडूनें उखडली. ताशीं एकशें चाळीस किलोमीटरांच्या आसपासचा वेग, उंच उडी, डावा हात. देशानें निश्वास सोडला कीं मिळाला एकदांचा!

वास्तविक तो अजून मिळावयाचा होता. २३ मार्च २००३ रोजीं जोहान्सबर्ग येथें विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला आणि झहीरच्या पहिल्याच षटकांत पंधरा धांवा गेल्या. कांहीं चेंडू वाइड, कांहीं नो-बॉल. त्या स्पर्धेंत आधीं उत्तम गोलंदाजी केलेला हाच मुलगा. सोडण्याचा क्षण हुकला, दुसरें काय? त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिस्बेनला त्यानें एका डावांत पांच बळी घेतले आणि लगोलग मांडीच्या स्नायूनें त्याला खालीं बसविलें. पुढचीं दोन वर्षें दुखापत, पुनरागमन, पुन्हां दुखापत अशीं गेलीं. इरफान पठाण, मुनाफ पटेल, श्रीशांत, रुद्रप्रताप सिंग अशीं नवीं नांवें पुढें आलीं, आणि २००६ सालीं झहीर संघाबाहेर होता. वय सत्तावीस. देसाईची कथा पुन्हां लिहिली जाणार असाच रंग दिसत होता.

त्या उन्हाळ्यांत तो इंग्लंडांत वूस्टरशायर परगण्याकडून खेळावयास गेला. पहिल्याच सामन्यांत दहा बळी, एसेक्सविरुद्ध एका डावांत १३८ धांवांत नऊ, आणि हंगामाच्या अखेरीस ७८. परंतु आंकड्यांपेक्षां महत्त्वाचें असें कांहीं तेथें घडलें. परगण्याचें क्रिकेट म्हणजे आठवड्यामागून आठवडा तेंच काम. आज थकलों म्हणून उद्यां सुटी नाहीं, आणि प्रत्येक चेंडू जीव तोडून टाकला तर जून महिन्यांतच माणूस मोडेल. तेथें त्यानें आपली धांव आंखडती केली, उडी खालीं आणली, वेगांतून थोडा वेग वजा केला आणि त्या बदल्यांत चेंडूवरची हुकमत घेतली. आपल्या कारकिर्दीस वळण मिळालें तें तेथेंच, असें त्यानें पुढें अनेकदां सांगितलें आहे. कोफॅक्सला एका सोबत्यानें जें सांगितलें तें झहीरला एका सबंध उन्हाळ्यानें सांगितलें.

परिणाम दिसावयास वेळ लागला नाहीं. २००७ सालीं नॉटिंगहॅम कसोटींत तो फलंदाजी करीत असतां खेळपट्टीवर कोणी गोड वाटाणेवजा गोळ्या टाकून ठेविल्या. इंग्रजांची थट्टा असावी. झहीरला ती रुचली नाहीं. त्यानें त्या सामन्यांत नऊ बळी घेतले आणि भारतानें इंग्लंडमधील मालिका १९८६ नंतर प्रथमच जिंकली. डावखुऱ्या फलंदाजांस यष्टीच्या दुसऱ्या अंगानें येऊन चेंडू आंत कीं बाहेर हा संभ्रम पाडणें, धांवत येतांना चेंडू दुसऱ्या हातानें झांकून त्याची चकाकती बाजू दिसूं न देणें, या त्याच्या कळा आतां जगास परिचित झाल्या. यांतली एकही कळा दंडाची नव्हे.

आणि मग २ एप्रिल २०११. मुंबईस वानखेडे मैदानावर पुन्हां विश्वचषकाचा अंतिम सामना, पुन्हां पहिलें षटक झहीरच्या हातीं. या वेळीं त्याच्या पहिल्या पांच षटकांत तीन निर्धाव, धांवा अवघ्या सहा, आणि एक बळी. जोहान्सबर्गला एका षटकांत गेल्या त्याच्या निम्म्याही धांवा येथें पांच षटकांत गेल्या नाहींत. पुढच्या पांच षटकांत त्याला चोपन्न धांवांचा मार पडला हेंही नमूद केलें पाहिजे. वय बत्तीस होतें आणि समोर श्रीलंकेचे फलंदाज जिवावर उदार झाले होते. त्या स्पर्धेंत त्यानें एकवीस बळी घेतले, पाकिस्तानच्या शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीनें सर्वाधिक. २०१४ सालीं वेलिंग्टनला तो शेवटची कसोटी खेळला तेव्हां त्याच्या नांवावर ९२ कसोट्यांत ३११ बळी होते. त्या वेळीं भारताच्या जलद गोलंदाजांत त्याच्या पुढें एकटे कपिल देव होते.

येथें एक गोष्ट आमच्या मनास बोंचल्यावांचून राहत नाहीं. नगर आणि नाशिक हे दोन्ही जिल्हे ज्या संघाच्या हद्दींत येतात त्या महाराष्ट्राच्या रणजी संघाकडून झहीर एकही सामना खेळला नाहीं. त्याला मुंबईनें ठेवून घेतलें, मद्रासनें शिकविलें, बडोद्यानें खेळविलें, वूस्टरनें पुन्हां उभें केलें. आम्हीं टाळ्या वाजविल्या. त्याचें वैषम्य मानावें तर तें कोणाचें, हें ठरविणें कठीण आहे, कारण त्या काळीं श्रीरामपूरला जलद हात पारखणारा कोण बसला होता? हंगामांत महाराष्ट्राचे रणजी सामने आज नाशिकच्या अनंत कान्हेरे मैदानावर होतात आणि ते पाहण्यास मुलें गर्दी करतात, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

श्रीरामपूरच्या मुलाला निदान आगगाडी होती. दौंड-मनमाड मार्गावरच्या त्या स्टेशनाचें नांव बेलापूर. सुरगाण्यास आगगाडी नाहीं. तेथून नाशिक सुमारें नव्वद किलोमीटर, घाटाघाटानें. २०२२ च्या डिसेंबरांत त्या तालुक्यांतील कांहीं गांवकऱ्यांनीं रस्ते, पाणी आणि दवाखाने नाहींत म्हणून आपणांस गुजराथेंत घाला अशी उघड मागणी केली, तेव्हां चार दिवस त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत झळकलीं. तेथल्या शेतांत भाताच्या आणि नागलीच्या हंगामांत माळे अजूनही उभे राहतात. हंगाम संपला कीं ते मोडले जातात, गोफण आढ्याला टांगली जाते, आणि पोर आईबापांबरोबर मजुरीला घाट उतरतें.